बालेवाडीत कोण कोण जिंकलं?

कोथरूडकर: पुण्यात बालेवाडीला व्हायची त्या महाराष्ट्र ओपन टेनिस स्पर्धेचे एकेरीचे विजेते कोणी सांगेल का? लेक टेनिस शिकतेय, सारखी विचारते.

बेसलाइन: २०१८ सिमाँ, २०१९ अँडरसन, २०२० वेसेली, २०२२ सूझा, २०२३ ग्रीकस्पूर. २०२१ला कोरोनामुळे झालीच नाही. पण लेकीला २०१९ची फायनल आवर्जून दाखवा! अँडरसनसमोर ३९ वर्षांचा, सहा फूट अकरा इंची कार्लोविच. तिन्ही सेट टायब्रेकला (६-६ बरोबरीनंतरच्या निर्णायक गेमला) गेले, शेवटचा टायब्रेक अँडरसनने ७-५ असा काढला. एवढ्या उंचीवरून आलेली सर्व्हिस टप्पा पडून थेट खांद्यावर येते, ती परतवायची कशी हे त्यात बघायला मिळतं. माझ्या मते बालेवाडीतली सर्वोत्तम फायनल तीच.

पेठकर: दुहेरी विसरू नका हो! २०१९ला बोपण्णा-दिविज शरण, २०२२ला बोपण्णा-रामकुमार. आपली माणसं जिंकली की ऊर भरून येतो.

कोथरूडकर: मनापासून आभार. आज रात्रीच दाखवतो.