मदत हवी आहे: कृत्रिम हात वापरणारे (किंवा कपाटात ठेवून दिलेले) इथे कुणी आहे का?

नमस्कार मंडळी. मी मुंबईत ऑक्युपेशनल थेरपीत मास्टर्स करतेय. कोपराखाली हात गेलेल्यांना कृत्रिम हाताचा रोजच्या जगण्यात कितपत उपयोग होतो, हा प्रबंधाचा विषय. गाईडने मंजूर केला, एथिक्स कमिटीनेही केला. आता अडलंय ते हे मोजायचं कसं यावर.

आमच्याकडे एक काका येतात (त्यांना विचारून लिहितेय, ओळखीच्या खुणा बदलल्यात). पॉवर प्रेसमध्ये उजवा पंजा गेला. त्यांना मायोइलेक्ट्रिक हात बसवलाय. उरलेल्या हाताचे स्नायू आवळले की कातडीला टेकलेले सेन्सर ते टिपतात आणि मोटर पंजा उघडते-मिटते. परवा त्यांची ठोकळ्यांची चाचणी घेतली. पेटीच्या मधोमध फळी, एका बाजूला अडीच सेंटिमीटरचे १५० लाकडी ठोकळे, ते एकेक करून मिनिटभरात जमतील तेवढे पलीकडे टाकायचे. काकांनी १९ टाकले. आधीच्या खेपेला ११ होते, त्यामुळे आम्ही सगळे खूश. अर्ध्या तासाने खाली टपरीवर दिसले. कृत्रिम हात पिशवीत, पिशवी काखेत, चहा डाव्या हातात. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "घाम आला की आतून निसटतो गं. आणि कप धरला तरी त्याला काय कळतंय, मलाच डोळे लावून बसावं लागतं."

माझ्या तक्त्यात १९ जाणार. टपरी कुठे लिहू?

दुसरं साधन म्हणजे डॅश नावाची, खांदा-हाताच्या त्रासाबद्दलची ३० प्रश्नांची प्रश्नावली. घट्ट बरणी उघडता येते का, किल्ली फिरवता येते का, असे प्रश्न. तिच्या सूचनेतच आहे की काम कोणत्या हाताने केलं याने फरक पडत नाही. खांदा दुखणाऱ्याला ते ठीक. पण एक हात धड असलेला माणूस त्याच हाताने सगळं उरकतो, गुण चांगले येतात, आणि कृत्रिम हात वर्षभर कपाटात असला तरी कागदावर पत्ता लागत नाही. (जोर लागणाऱ्या खेळांच्या उदाहरणांत गोल्फ आहे. आमच्या ओपीडीत गोल्फ!)

कपाटाचं उगाच म्हणत नाहीये. बिडिस आणि चाऊ या संशोधकांनी २००७ साली मागच्या २५ वर्षांचे अभ्यास एकत्र पाहिले. मोठ्या माणसांत दोरी-पट्ट्यावर चालणारा हात सरासरी २६ टक्के जणांनी आणि विजेवर चालणारा २३ टक्के जणांनी टाकून दिला होता. मुलांत हेच आकडे ४५ आणि ३५.

तर तुमच्यापैकी कुणी किंवा घरात कुणी वापरत असेल तर सांगा: दिवसातून किती तास घालता, नेमकं कशासाठी, आणि सोडला असेल तर कशामुळे. माझ्या प्रश्नावलीत कोणती कामं हवीत? मला सुचलेली: पोळी लाटताना पोळपाट धरणं, नाडी बांधणं, निऱ्या घालणं, लोकलचा दांडा. आणखी एक, 'स्टंप'ला, म्हणजे हात गेल्यावर उरतो त्या भागाला, तुम्ही घरात काय म्हणता? 'थोटा' लिहायला हात धजत नाही आणि 'अवशिष्ट अवयव' माणसं बोलत नाहीत. नाव, गाव, दवाखाना लिहू नका प्लीज.

रानवाटा:
डावा हात, कडबाकुट्टीत. माझ्याकडे दोन आहेत. शोभेचा लग्नाकार्याला, आकडा गोठ्यात. आकड्याची दोरी पाठीवरून दुसऱ्या खांद्याच्या पट्ट्याला. खांदा पुढे नेला की उघडतो, सैल सोडला की रबर त्याला मिटवतं. पट्टा काखेत काचतो, मे महिन्यात तर सालपटं निघतात. पण बादलीची कडी, दावं, वैरणीची पेंढी यात अडकवता येते आणि चिखलात बुडाला तरी बिघडत नाही. रबर तुटलं की तालुक्याला मिळत नाही, मी ट्यूब कापून लावतो.
ताई, तासांत विचारू नका. मी दिवसाला तासभरच घालतो, पण तो नसेल तर वैरणीला माणूस लावावा लागतो. कोणतं काम त्याच्याशिवाय अडतं ते विचारा. आम्ही 'उरलेला हात' म्हणतो. थोटा आमचं आम्ही म्हणतो, तुम्ही लिहू नका.

प्लास्टरपट्टी:
मी प्रोस्थेटिस्ट आहे, म्हणजे कृत्रिम हातपाय बनवून बसवतो ते. दोन गोष्टी. एक, हात गेल्यापासून बसेपर्यंत किती दिवस गेले हे विचाराच. पहिल्या महिन्याभरात बसला तर माणूस तो वापरत राहण्याची शक्यता जास्त. वर्ष गेलं की एका हाताची सवय पक्की होते. दोन, सुरुवातीला सूज उतरते, उरलेला हात बारीक होतो आणि सॉकेट (कृत्रिम हाताचा, उरलेला हात ज्यात बसतो तो साचा) ढिलं पडतं. तुमच्या काकांचं सॉकेट शेवटचं कधी तपासलं? निसटतंय ते नुसत्या घामानेच असेल असं नाही. माणसं शोधायला हाजी अलीची पुनर्वसन संस्था आणि पुण्यात वानवडीचं आर्टिफिशियल लिंब सेंटर, दोन्हीकडे रीतसर पत्र द्या. रोटरीच्या शिबिरात मोफत मिळणारा एलएन-फोर नावाचा साधा कृत्रिम हात वापरणारेही भेटतील, पण त्यांना मायोवाल्यांच्या गटात घालू नका. त्यात बॅटरी नाही की सेन्सर नाही.

चिमणीची_आई:
मुलगी ८ वर्षांची, जन्मतःच डावा हात कोपराखाली थोडाच आहे. शाळेत गेली की कृत्रिम हात काढून दप्तरात ठेवते. बाई म्हणाल्या आळस करते. तिला विचारलं तर म्हणाली, वही दाबायला माझाच हात बरा, त्याला कागद कळतो. सोडला याला 'अपयश' असा रकाना ठेवणार असाल तर तिचं नाव त्यात नको.

धागालेखिका:
चिमणीची आई, तो रकाना खरंच होता. आत्ता काढला. प्लास्टरपट्टी, सॉकेट आठ महिन्यांपूर्वीचं आहे, उद्याच बघायला सांगते. रानवाटा दादा, 'कोणतं काम अडतं' हा पहिला प्रश्न केला. ट्यूबची पट्टी किती रुंद कापता? आमच्याकडे आकड्याचे दोन पेशंट रबराची वाट बघत बसलेत.

रानवाटा:
करंगळीएवढी. सायकलची घ्या, ट्रॅक्टरची फार कडक, खांदा भरून येतो.