टेंभी नाक्यावरची ही मशीद कोणती? जुना फोटो ओळखायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांचे चार फोटो सापडले. कृष्णधवल, चौकोनी, पांढऱ्या कडांचे. सगळे जुन्या ठाण्यातले. आजोबा आता नाहीत आणि बाबांना काही आठवत नाही.

तीन लागले. एकात मासुंदा तलाव आहे. काठावर गडकरी रंगायतन दिसत नाही, म्हणजे १९७८ च्या आधीचा. दुसरा स्टेशनचा. तिसऱ्याने आठवडाभर छळलं. कौलारू दुमजली घर, खाली दुकान, पण पाटी काही केल्या वाचता येईना. शेवटी आईच्या लक्षात आलं की आजोबांच्या शर्टाचा खिसा उजवीकडे आहे. निगेटिव्ह उलटी ठेवून छापलेली! मोबाइलवर फोटो उलटवला तर पाटीवर 'जांभळी नाका' स्वच्छ.

गाडी अडलीय चौथ्यावर. चार-पाच पायऱ्या, कमानीच्या खिडकीचा अर्धा भाग, बस्स. पायऱ्यांवर आजोबा आणि त्यांचे ऑफिसातले एक मित्र, दोघांच्याही डोक्यावर टोपी. (आजोबा टोपी कधीच घालत नसत.) मागे शाईने लिहिलंय: 'मशीद, टेंभी नाका. ह्यांच्या मुलाचं लग्न.' मित्र मुसलमान असावेत असं आम्ही धरून चाललो होतो. पण आत्या म्हणते, आडनाव कोकणातलं, 'कर' लागलेलं, आणि घरात मराठीच बोलायचे. आजी त्यांना 'शनिवारी न येणारे भावजी' म्हणायची. शनिवारी कितीही बोलावलं तरी यायचे नाहीत.

आसपासच्या मशिदी बघून आलो, पायऱ्या कुठेच जुळत नाहीत. जुनी एखादी पाडली गेली का?

प्रतिसाद

दादा, उत्तर तुमच्या आजीनेच देऊन ठेवलंय की! शनिवार म्हणजे शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस. हे भावजी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. तेलाचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाकडे त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, ते मशीदच म्हणायचे. मध्य रेल्वेच्या मशीद स्टेशनचं नावही तिथल्या ज्यूंच्या जुन्या मशिदीवरून पडलं असं सांगतात.

टेंभी नाक्याला सिव्हिल हॉस्पिटलजवळ १८७९ सालचं शार हाशमायिम सिनेगॉग आहे. नावाचा अर्थ स्वर्गाचं दार. आत पुरुष डोकं झाकतात, त्यामुळे टोपीचंही कोडं सुटलं. तरी खात्री पायऱ्या जुळवूनच करा. शनिवार सोडून जा, आणि फोटो काढायचा तर आधी विचारा.

मूळ लेखक

अहो, त्या रस्त्याने मी रोज रिक्षाने जातो! रविवारी आत्यालाही नेतोय. तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, तर म्हणते, "हो, त्या लग्नघरी गोड पोह्यांचा मलीदा खाल्ला होता मी." हे आधी सांगायला काय झालं होतं कोण जाणे.