गाडीसाठी चांगली खुली चहा पावडर कुठनं घ्यावी? मदत हवी आहे

मंडळी, कोल्हापुरात गंगावेशीजवळ आमची चहाची गाडी आहे, वडिलांपासनं. रोज दोन किलोच्या आसपास पावडर लागते. लक्ष्मीपुरीतल्या एका व्यापाऱ्याकडनं खुली सीटीसी, म्हणजे दाणेदार चहा, घेतो. गेल्या दोन पोत्यांपासनं गडबड आहे. पाणी लगेच लालभडक होतंय, पण म्हशीचं दूध पडलं की चहा नुसता गोड पाण्यागत. ओल्या टिपकागदावर चिमूटभर पावडर टाकून बघितली, तर तांबडे डाग पसरले. रंग मारलाय, दुसरं काय!

मळ्यात बायका चार-साडेचार किलो ओला पाला खुडतात तेव्हा कुठं किलोभर पावडर होते, आणि मधल्यामधे कोणीतरी त्यात रंग कालवून मोकळा. जीव तुटतो.

आसामचा माल गुवाहाटी-कोलकात्याच्या लिलावात विकला जातो, निलगिरीचा कुन्नूर, कोइमतूर, कोचीला. पण तिथं नोंदणी असलेला खरेदीदार लागतो, माझ्यासारख्या गाडीवाल्याला कोण विचारणार? तर कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीकडं लिलावातला माल थेट आणणारं कोण ठाऊक आहे का? चार-पाच गाडीवाले मिळून पोतं वाटून घेऊ.

आणि एक. कडक चहाला निव्वळ डस्ट, म्हणजे अगदी बारीक पूड, घालावी, की थोडी जाड दाण्याची बीपी मिसळावी? डस्टचा रंग झटकन उतरतो, पण जरा जास्त उकळला की कडवट होतो आणि गिऱ्हाईक तोंड वाकडं करतंय.

भाव सांगताना जीएसटी धरून सांगा. मिसळीचा पत्ता नको, तो आहे!