मदत हवी आहे: शेजारी गॅसची विहीर होणार, आधी बोरच्या पाण्याची काय काय तपासणी करून ठेवू?

मंडळी नमस्कार, वडोदऱ्याहून लिहितोय.

पणजोबा गायकवाडी नोकरीत कडी प्रांतात (उत्तर गुजरात, आताची मेहसाण्याची बाजू) होते, तेव्हापासूनची सहा बिघे जमीन आहे तिकडे, बाबा आणि काकांच्या नावावर, भागिया (वाट्याने कसणारा) कसतो, एरंडा आणि बाजरी होते. मागच्या महिन्यात ड्रिलिंगवाल्यांची माणसं आली, विहिरीची जागा शेजारच्या शेतात ठरलीये आणि आमचे दोन बिघे रस्त्यासाठी भाड्याने हवेत म्हणाले. काका म्हणतात सही करून टाकू, एरंडा जेवढं देत नाही तेवढं भाडं येतंय. बाबा गप्प आहेत. मलाही सही अडवायची नाहीये, वडोदऱ्यात १९७२ पासून पाइपचा गॅस आहे, आमच्या दांडिया बाजारातल्या घरात आईने सगळा स्वयंपाक त्याच्यावरच केला, तो गॅस कुणाच्या तरी शेताखालूनच आला असणार ना.

काळजी पाण्याची आहे. तिकडे पाऊस कमी, जमिनीतलं पाणी वर्षानुवर्षं उपसून खोल गेलंय, आमचा बोर अकराशे फुटांवर आहे, भागीदारीतला, आमचा हिस्सा चार आणे. पाणी आधीच मचूळ, त्यात फ्लोराइड, भागियाच्या धाकट्या मुलीच्या दातांवर तपकिरी पट्टे आलेत. आणि खरी भीती इथेच आहे, उद्या पाणी आणखी बिघडलं तर म्हणतील तुमचं पाणी आधीपासूनच खराब होतं.

हे मी उगाच म्हणत नाहीये. चार वर्षांपूर्वी दोन शेतं सोडून अशीच एक साइट झाली, ड्रिलिंगचा गाळ टाकायला प्लास्टिक अंथरून खड्डा केला होता, श्रावणात तो भरून वाहिला, बांधाकडचा एरंडा उभ्याउभ्या जळला आणि माती वाळल्यावर वर पांढरा खार फुटला, बोट लावून जिभेवर ठेवला तर मीठच. तक्रार करायला गेलो तर पहिला प्रश्न, आधीच्या मातीचा रिपोर्ट आहे का? कुणाकडेच नव्हता.

वाचून एवढं कळलं की गॅस बोरच्या कितीतरी खाली असतो, मधे लोखंडी केसिंग, म्हणजे विहिरीत उतरवलेला पाइप, आणि भोवती सिमेंट, ते सिमेंट नीट बसलं नाही तर गॅस बाहेरच्या बाजूने वर सरकतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात २०११ च्या अभ्यासात गॅसविहिरीपासून एक किलोमीटरच्या आतल्या घरांच्या पाण्यात मिथेन जास्त सापडला होता. फ्रॅकिंग, म्हणजे दाबाने पाणी सोडून खालचा खडक फोडणं, केलं तर एका विहिरीला कोटभर लिटर किंवा त्याहून जास्त पाणी लागतं, ते आमच्याकडे आणणार कुठून? दक्षिण आफ्रिकेत कारू म्हणून असाच कोरडा मुलूख आहे, तिथले मेंढपाळ शेतकरीही बोरवरच जगतात, त्यांनी हाच प्रश्न लावून धरला आणि २०११ मध्ये सरकारने काम थांबवलं, पण पुढच्याच वर्षी बंदी उठली. आपल्याकडे जानेवारी २०२० पासून शोधविहिरीला (गॅस आहे का बघायला खणतात ती) जनसुनावणीच लागत नाही, म्हणजे गावाला बोलायला जागा नाही, जे काय मागायचं ते करारातच.

तर पाण्यात नेमकं काय तपासू, नमुना कसा घेऊ, आणि करारात काय लिहून घेऊ?

प्रतिसाद:
दादा, सही करण्याआधीच करा हे. टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार), क्लोराइड, सोडियम, फ्लोराइड, बेन्झीन, विरघळलेला मिथेन आणि बेरियम. बेरियम विसरू नका, ड्रिलिंगच्या गाळात बॅराइट असतं, ते बेरियमचंच खनिज. नमुना टाकीतला नको, बोर अर्धा तास चालवून तोंडाशीच घ्या, मिथेनची बाटली काठोकाठ, आत बुडबुडा राहता कामा नये, बर्फात ठेवून लगेच लॅबला. लॅब एनएबीएलवाली (सरकारमान्य प्रमाणपत्र असलेली) बघा. दोन पंच उभे करून बाटलीला सील आणि सह्या, फोटो काढा. मातीचाही नमुना त्याच दिवशी. करारात खड्ड्याचा गाळ उचलून न्यायची तारीख आणि दर सहा महिन्यांनी त्यांच्या खर्चाने पाणी तपासणी लिहून घ्या. सिमेंट बाँड लॉगची कॉपी मागा, सिमेंट कसं बसलंय ते त्यात दिसतं.

मूळ धागाकर्ता:
खूप आभार. बेरियमचं डोक्यातच आलं नसतं. रविवारी बाबांना घेऊन कडीला जातोय, बोरचे बाकीचे भागीदार पंच म्हणून सह्या करायला तयार आहेत. फक्त विरघळलेला मिथेन तपासणारी लॅब अजून मिळाली नाही, दोन ठिकाणी फोन केला तर आम्ही करत नाही म्हणाले. वडोदरा किंवा अहमदाबादमध्ये कुणी करून घेतलं असेल तर शनिवारच्या आत कळवा प्लीज.