सल्ला हवा: बुडापेस्टहून ड्राय व्हाइट वाइन कुठली आणू?

कट्टेकरी
मंडळी, पुढच्या आठवड्यात कामासाठी चार दिवस बुडापेस्टला आहे. मागच्या खेपेला विमानतळावर 'तोकाय' एवढंच वाचून एक बाटली उचलली होती. घरी सुरमई तळली, मोठ्या तोऱ्यात बाटली उघडली आणि पहिल्याच घोटाला सासरे म्हणाले, "हे काय, काकवी?" चव वाईट नव्हती हो, पण सुरमईबरोबर! यंदा अब्रू वाचवायची आहे. अटी दोनच: ड्राय, म्हणजे गोड नसलेली हवी आणि द्राक्ष तिथलंच हवं. शार्डने, सोविन्यों ही सगळीकडे मिळणारी द्राक्षं नकोत.

तिसाकाठची
फुरमिंट. विषय संपला.

बरं, जरा सविस्तर सांगते, सहा वर्षं इथेच आहे. तोकाय हे द्राक्षाचं नाव नाही, ईशान्य हंगेरीतला प्रदेश आहे; फुरमिंट हे तिथलं मुख्य द्राक्ष. तिथे बोद्रोग तिसा नदीला मिळते. शरदात नद्यांवरून धुकं चढतं, पिकलेल्या द्राक्षांवर बुरशी धरते आणि मणी मनुकांसारखे सुकतात. त्यांची होते गोड 'असू', म्हणजे तुमची काकवी. त्याच फुरमिंटचे निरोगी घोस वेगळे तोडून सगळी साखर आंबू दिली की वाइन खणखणीत ड्राय होते. जग या ड्राय फुरमिंटकडे वळून पाहायला लागलं ते अलीकडेच. माद गावचे वाइनवाले इश्तवान सेप्शी यांची उराग्या मळ्यातली २००० सालची वाइन त्यासाठी नेहमी आठवली जाते.

दुकानात एकच करा, लेबलवर 'साराझ' शोधा. स्पेलिंग एस-झेडनं सुरू होतं. साराझ म्हणजे ड्राय. 'एदेश' दिसलं की बाटली परत ठेवा, ते गोड. पुढे 'फेल' लागलं तर निम्मं: फेलसाराझ, फेलएदेश. नाव घेऊन विचारायचं तर ओरेमुस वायनरीची 'मांदोलाश' घ्या, ती ड्राय फुरमिंटच आहे.

आळशी_बोका
हंगेरियनमध्ये वाइनला 'बोर' म्हणतात हे कुणी सांगितलं की नाही? व्हाइट वाइन म्हणजे 'फेहेरबोर'. आमच्या हिला अजून वाटतं मी तिथून बोरं आणतो.

द्राक्षबागाईतदार
नाशिकचा आहे, म्हणून द्राक्षाबद्दल दोन शब्द. आमची तोडणी जानेवारी ते मार्च, ऊन चढत असताना. फुरमिंट मुळात उशिरा पिकणारं, ऑक्टोबरात गारव्यात तोडतात. आंबटपणा त्याचा स्वभावच, आणि थंडीत तो उतरत नाही. ग्लासात आधी नासपती आणि हिरवं सफरचंद येतं, मग दोन गारगोट्या एकमेकींवर घासल्यावर येतो तसा वास. तिथली जमीन ज्वालामुखीची आहे, लोक त्याचं श्रेय तिला देतात. मला ते पूर्ण पटत नाही, पण वास येतो हे खरं.

सुरमईबरोबर उत्तम, लिंबू पिळायचीही गरज नाही. फक्त मसाल्यात हात आखडता घ्या. या वाइन बऱ्याचदा १३-१४ टक्के अल्कोहोलच्या असतात, तिखटावर जीभ पोळते. झणझणीत कालवण असेल तर फेलसाराझ बरी. आणि फ्रीजमधून काढून पंधरा मिनिटं बाहेर ठेवा, बर्फगार प्यायलात तर नुसता आंबटपणा लागेल.

कट्टेकरी
वा! फुरमिंटशिवाय आणखी काही? दोन वेगळ्या आणायचा विचार आहे.

तिसाकाठची
हार्शलेवेल्यू. नावाचा अर्थ लिंडन झाडाचं पान. तीही तोकायचीच, पण जास्त सुवासिक आणि मऊ. वाइनची सवय नसलेल्यांना हीच आधी आवडते.

आळशी_बोका
माझं मत युहफार्कला! म्हणजे मेंढीचं शेपूट. घोस तसाच लांबट आणि टोकाला वळलेला. शोमलो नावाच्या एकट्या उभ्या बसाल्टच्या टेकडीवर होते. सह्याद्रीवाल्यांनी बसाल्टची बाजू घ्यायची नाही तर कुणी? लग्नाच्या रात्री ही प्यायली तर मुलगा होतो अशी तिकडे समजूत होती. आम्ही प्यायलो, दोन मुली आहेत, झकास आहेत. चव मात्र कडक, जवळजवळ खारट. पहिल्या भेटीत सासऱ्यांना देऊ नका.

कट्टेकरी
ठरलं: एक मांदोलाश, एक हार्शलेवेल्यू. आता गंमत ऐका. सासऱ्यांचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाले, "ती मागची काकवी मिळाली तर बघ."

तिसाकाठची
मग हिशोब चोख बसतो. ड्युटी न भरता माणशी दोन लिटर आणता येतं. साध्या बाटल्या ७५० मिलीच्या, असूची ५०० ची. दोन आणि एक, बरोब्बर दोन लिटर. गावातून घेतलेल्या बाटल्या केबिन बॅगेत नकोत. पायमोज्यात घाला, मग जीन्समध्ये गुंडाळून सुटकेसच्या मधोमध ठेवा.