आंबवलेल्या फळांचा जॅम घट्ट का होत नाही?
आंबवलेल्या फळांचा जॅम पातळ राहतो, या तक्रारीबद्दल थोडी भर. आंबताना यीस्ट फळातली साखर खातं आणि विकरांमुळे (एन्झाइम्समुळे) पेक्टिनही, म्हणजे जॅमला घट्टपणा देणारा फळातला घटकही, तुटत जातो. मग नुसतं आटवून जॅम घट्ट कसा होणार? म्हणून दोन-तीन दिवसांत, बुडबुडे जोरात येत असतानाच फळं शिजवायला घ्या. साखर नव्याने घालावीच लागते; शिवाय लिंबाचा रस आणि थोडी कमी पिकलेली फळं, कारण त्यांत पेक्टिन जास्त असतं. साधारण १०४-१०५ अंश सेल्सिअसला जॅम जमतो. उकळताना उपयोगी जिवाणू मरतात, तेव्हा पोटासाठी म्हणून नाही, चवीसाठी करा. ती आंबूस, खोल चव साध्या जॅमला येतच नाही! आंबवताना बुरशी दिसली तर मात्र वरवर काढून वापरू नका, सगळं टाकून द्या.