गच्चीवरची छत्री आणि केबल एकाच वायरमधून खाली आणता येतील का?

पंचगंगाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचे जुने दुमजली घर आहे. गच्चीवरून खालच्या सोप्यात येणारा एकच पाइप भिंतीत गाडलेला असून त्यातून सध्या केबलची आरजी-६ वायर येते. वडिलांसाठी डीडी फ्री डिशची छत्री बसवायची आहे, पण आईला केबलवरच्या मालिका सोडायच्या नाहीत. पाइपमध्ये दुसरी वायर जात नाही. स्प्रिंग घालून पाहिली, ती मधल्या बाकापाशी अडकते. भिंतींना गेल्याच महिन्यात रंग दिल्यामुळे बाहेरून पट्टी मारण्याचे नुसते नाव काढले तरी घरात वाद होतो.

माझ्याकडे केबलचा दोन फाट्यांचा जुना स्प्लिटर पडून आहे आणि त्यावर ‘५–१००० मेगाहर्ट्झ’ असे छापलेले आहे. तो गच्चीवर उलटा लावून दोन्ही वायरी एकत्र केल्या आणि खाली तसाच दुसरा लावून त्या वेगळ्या केल्या, तर चालेल का? सोप्यातून एक फाटा स्वयंपाकघरातल्या टीव्हीलाही जातो, त्यावर फक्त केबल लागते.

शून्य व्होल्ट

कल्पना बरोबर आहे, पण वस्तू चुकीची निवडली आहे. केबलचे सिग्नल साधारण ८६२ मेगाहर्ट्झच्या आत असतात, तर छत्रीवरच्या एलएनबीमधून (छत्रीसमोर बसवलेल्या, उपग्रहाचा सिग्नल पकडणाऱ्या डोक्यातून) खाली येणारा सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असतो. उपग्रहाकडून येणारी ११०९० मेगाहर्ट्झची लहर एलएनबी स्वतःच्या ९७५० मेगाहर्ट्झशी मिसळते आणि १३४० मेगाहर्ट्झ करून खाली पाठवते. दोघांचे पट्टे मुळातच वेगळे असल्यामुळे एकाच वायरमधून ते एकमेकांना धक्का न लावता जातात. मात्र १००० पर्यंतच्या स्प्लिटरमधून १३४० चा सिग्नल नीट पार होईल, याची काहीही खात्री नसते.

तुम्हाला हवा आहे तो डिप्लेक्सर, म्हणजे पट्ट्यांनुसार सिग्नल जोडणारे आणि वेगळे करणारे उपकरण, आणि तोही एक नव्हे तर दोन: एक गच्चीवर जोडण्यासाठी, दुसरा सोप्यात वेगळे करण्यासाठी. त्याला तीन तोंडे असतात, एक सॅटेलाइटचे, एक टीव्हीचे आणि एक सामाईक. सामाईक तोंडे भिंतीतल्या वायरच्या दोन टोकांना लागतात.

खरी मेख विजेची आहे. वायरमधून सिग्नल खाली येतो, तसा फ्री डिशचा बॉक्स त्याच वायरने एलएनबीला वर वीज पाठवतो, उभ्या ध्रुवणासाठी (म्हणजे उभ्या दिशेत कंप पावणाऱ्या लहरींसाठी) १३ व्होल्ट आणि आडव्यासाठी १८. म्हणून दोन्ही डिप्लेक्सरच्या सॅटेलाइट तोंडातून वीज आरपार गेली पाहिजे आणि टीव्हीच्या तोंडावर ती अडली पाहिजे, नाहीतर ती केबलवाल्यांच्या लाइनमध्ये शिरेल. गच्चीवर एलएनबी आणि केबल जोडण्याआधी मल्टिमीटर लावून पाहा: सॅटेलाइटच्या तोंडावर १३ किंवा १८, टीव्हीच्या तोंडावर शून्य. एवढे दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका.

स्वयंपाकघराचा स्प्लिटर खालच्या डिप्लेक्सरच्या टीव्ही तोंडापुढे लावा. तिथे तुमचा जुना स्प्लिटर खुशाल चालेल, कारण तिथपर्यंत छत्रीचा संबंध संपलेला असतो.

जुना फिटर

वरचे सगळे बरोबर आहे, तरीही मी असतो तर आधी जुनी वायर ओढून काढली असती आणि तिच्याच शेपटीला दोन नव्या वायरी बांधून खेचल्या असत्या. जोड जितके कमी, तितका पावसाळा सुखाचा. पण बाकापाशी स्प्रिंगच अडकत असेल, तर हा हट्ट धरू नका. जुनी वायर मध्येच तुटली तर तेलही गेले आणि तूपही गेले.

माझी एक फजिती सांगतो. एका घरी गच्चीवरच्या डिप्लेक्सरची दोन तोंडे मी अदलाबदल करून जोडली. केबल दिसेना आणि छत्रीचा सिग्नल शून्य. मी एलएनबी बदलला, छत्री पुन्हा फिरवली, दोन तास उन्हात घालवले आणि शेवटी तोंडावरची पुसट अक्षरे दिसली. तेव्हापासून मी खाली असतानाच तोंडांवर रंगीत टेप लावतो.

कोल्हापुरातून फ्री डिशचा उपग्रह, ९३.५ अंश पूर्वेचा जीसॅट-१५, आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ६० अंश वर येतो, तेव्हा त्या बाजूला शेजाऱ्यांची पाण्याची टाकी किंवा नारळ आड येत नाही ना, ते आधी पाहा. गच्चीवरचा डिप्लेक्सर उघड्यावर लोंबकळत ठेवू नका. तो तोंडे खाली करून डबीत बसवा आणि वायरीला डबीच्या खाली थोडा झोळ द्या, म्हणजे पाणी वायरीच्या टोकाच्या पिनमध्ये न जाता झोळाच्या तळाशी गळून पडते. जुलैतल्या झडीत छत्रीचे चित्र अधूनमधून जाणारच, तो दोष वायरीचा नसतो. पाऊस थांबल्यावरही चित्र परत आले नाही, तर मात्र पिन उघडून पाहा, वायरीच्या आतली बारीक तारांची जाळी हिरवट झालेली आढळेल. आणि केबलवाल्यांना आधी कल्पना द्या. त्यांच्या वायरीवर काहीतरी बसवले आहे, हे त्यांना खांबावर चढल्यावर कळू नये.

पंचगंगाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. शाहूपुरीतल्या दुकानात डिप्लेक्सरची जोडी मिळाली. मल्टिमीटरवर पहिल्यांदा दोन्ही तोंडांवर शून्यच आले, त्यामुळे माझा धीर सुटला होता. सोप्यातली पिन उघडल्यावर जाळीची केसाएवढी तार मधल्या तांब्याला टेकलेली सापडली. ती कापून पिन नव्याने बसवली, तेव्हा सॅटेलाइटच्या तोंडावर १३.४ आणि टीव्हीच्या तोंडावर शून्य आले. आता केबल दोन्ही टीव्हींवर पूर्वीसारखी दिसते आणि फ्री डिशही लागते. एकच शंका उरली आहे: पुढे वरच्या खोलीत फ्री डिशचा दुसरा बॉक्स ठेवायचा झाला, तर याच एलएनबीवर चालेल का?

शून्य व्होल्ट

नुसता फाटा काढून नको. एखाद्या वेळी एक बॉक्स १३ व्होल्ट मागेल आणि दुसरा १८, आणि एलएनबी एका वेळी एकाचेच ऐकतो. दोन तोंडांचा एलएनबी घ्या आणि वरच्या खोलीला त्याच्या दुसऱ्या तोंडातून स्वतंत्र वायर द्या. ती खोली गच्चीलगत असल्यामुळे तुमच्या रंगवलेल्या भिंतीला हात लावावा लागणार नाही.